चार तासांचा आलेख

आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर उजेडाचं मोजमाप. डावीकडून एक रेघ निघते, थोडा वेळ सपाट चालते आणि एकदम उभी चढते. वर जराशी रेंगाळते, उतरते, पुन्हा सपाट. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा सुळका, पहिल्यापेक्षा अरुंद. मग तिसरा, चौथा. उंची जवळपास सारखी, मधली अंतरंही जवळपास सारखी. तीन-चार तास हेच चालतं आणि मग रेघ खाली बसते.

उंदराच्या अंडपेशीत शुक्राणू शिरल्यावर तिच्या आतल्या मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण कसं बदलतं, त्याची ही नोंद. अशा नोंदी इतक्या शोधनिबंधांत छापून आल्या आहेत की या विषयातली माणसं आता त्यांच्याकडे नीट बघतही नाहीत. 'आकृती १' म्हणून मान डोलावतात आणि पुढे जातात. मला मात्र ही रेघ सावकाश वाचायला आवडते. पुरावा म्हणून ती सगळ्यांनीच वापरली, रचना म्हणून थोड्यांनी पाहिली. आणि रचना म्हणून पाहू लागलं की वाटतं, डोळा आपोआप सुळक्यांकडे जातो खरा, पण या रेघेची करामत सुळक्यांच्या मधल्या दऱ्यांमध्ये आहे.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. अंडाशयातून बाहेर पडलेली सस्तन प्राण्याची अंडपेशी अर्धवट राहिलेलं काम घेऊन बसलेली असते. दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या ऐन मध्यावर, गुणसूत्रं तर्कुतंतूंवर रांगेत उभी असताना, सगळं थबकलेलं असतं. शुक्राणू आला नाही तर साधारण दिवसभरात ती निकामी होते. आला तर कामांची रीघ लागते. दुसरा शुक्राणू आत येऊ नये म्हणून दार लावायचं. अडलेलं विभाजन पुरं करून गुणसूत्रांचा जादा संच पोलर बॉडी नावाच्या इवल्या पेशीत घालून बाहेर काढायचा. आईकडचा एक आणि बापाकडचा एक असे दोन प्रोन्यूक्लियस, म्हणजे आद्य केंद्रकं, घडवायचे. साठवून ठेवलेल्या आरएनएवरून नवी प्रथिनं करायला लागायचं. या सगळ्याला मिळून अंडपेशीचं सक्रियण म्हणतात, आणि या सगळ्याची सुरुवात त्या एका रेघेपासून होते.

ही अतिशयोक्ती नाही. १९९२ साली डग्लस आणि जोआन क्लाइन यांनी उंदराच्या अंडपेशींमध्ये बाप्टा नावाचं, कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन भरलं आणि मग शुक्राणू सोडले. शुक्राणू आत गेले. पण रेघ सपाट राहिली, आणि पेशी होती तिथेच थांबली. दार लागलं नाही, विभाजन पुढे सरकलं नाही, पोलर बॉडी निघाली नाही. त्याच वर्षी शुन-इची मियाझाकी यांच्या गटाने हॅमस्टरच्या अंडपेशीत दुसऱ्या बाजूने तोच खिळा ठोकला: कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडणारा जो ग्राही असतो, त्यालाच प्रतिपिंडाने जखडलं. सुळके बंद. शुक्राणू आत येणं ही घटना पुरेशी नाही, हे या दोन प्रयोगांनी स्वच्छ सांगितलं. नुसत्या कॅल्शियमने, शुक्राणूशिवाय, अंडं जागं होतं हे तर रिचर्ड स्टाइनहार्ट आणि डेव्हिड एपल यांनी १९७४मध्येच समुद्री साळिंद्राच्या अंड्यांवर दाखवलं होतं.

मोकळं कॅल्शियम डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवायला एका जेलीफिशची मदत लागली. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एक्वोरिया जातीच्या जेलीफिशमधून एक्वोरिन वेगळं केलं. कॅल्शियमची गाठ पडली की हे प्रथिन निळा उजेड सोडतं. १९७७मध्ये रिजवे, गिल्की आणि जॅफी यांनी ते मेडाका या जपानच्या भातखाचरांत राहणाऱ्या चिमुकल्या माशाच्या अंड्यात टोचलं. शुक्राणू आत गेला आणि अंधारात ठेवलेल्या अंड्यातून उजेडाचा अक्षरशः भडका उडाला. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्याचं चित्रही आलं: शुक्राणू जिथून शिरतो त्या टोकापासून उजेडाचा एक पट्टा निघतो, मिलिमीटरभराच्या अंड्यावरून दोनेक मिनिटांत सरकत जातो आणि पलीकडच्या टोकाला विझतो. एकदाच. बेडकाच्या अंड्यातही एकच लाट, समुद्री साळिंद्रातही एकच.

म्हणून १९८१ आणि १९८५ साली कथबर्टसन, कॉबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अंडपेशीच्या नोंदी छापल्या, तेव्हा त्यातली पुनरुक्ती हीच बातमी होती. माशाला जे एका दमात जमतं ते सस्तन प्राण्याला वीसेक वेळा का करावं लागतं? १९८५मध्येच रॉजर चेन यांच्या प्रयोगशाळेतून फ्युरा-२ हे रंजक आलं. दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकून, उजेडाच्या गुणोत्तरावरून कॅल्शियम मोजायची सोय झाली, आणि रेघ हवी तितका वेळ, हवी तितकी बारकाईने काढता येऊ लागली.

आता डावीकडून वाचू.

पहिला सपाट तुकडा बहुतेक जण सोडून देतात. खरं तर अख्ख्या वादाचा निकाल त्यात दडलेला होता. शुक्राणू अंडपेशीला जागं कसं करतो, यावर दोन तट होते. एक म्हणायचा, शुक्राणू बाहेरूनच पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही दाबतो. आत जाणं ही नंतरची गोष्ट. दुसरा म्हणायचा, शुक्राणू स्वतःबरोबर काहीतरी घेऊन येतो आणि ते आत सांडतो. १९९७मध्ये लॉरेन्स, व्हिटेकर आणि स्वान यांनी घड्याळ लावून पाहिलं. दोन्ही पेशींचे पडदे एक झाले की अंडपेशीतलं रंजक शुक्राणूत पाझरतं. तो क्षण टिपता येतो. पहिला सुळका त्यानंतर एक ते तीन मिनिटांनी निघाला. पाहुणा आधी आत आला होता, सुळका नंतर. त्या दोन मिनिटांच्या सपाट रेघेत शुक्राणूतली वस्तू अंडपेशीच्या पेशीद्रवात मिसळत असते. रेघेवर काहीच घडत नाही असं वाटतं तेव्हा सगळ्यात मोठी देवघेव चाललेली असते. याच कारणासाठी मी म्हणतो की या आलेखात शांततेवर लक्ष ठेवावं.

मग पहिला सुळका. हा बाकीच्यांसारखा नसतो. स्वस्थ पेशीत मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण साधारण १०० नॅनोमोलर असतं. पेशीबाहेर त्याच्या दहा हजारपट. इतकी तफावत राखायला पेशी रात्रंदिवस ऊर्जा खर्च करते, कारण कॅल्शियम जास्त झालं तर फॉस्फेटशी त्याचं जमतं आणि पेशीच्या अर्थव्यवस्थेचाच खडा होतो. आता हे प्रमाण काही सेकंदांत बरंच वर जातं, मायक्रोमोलरच्या आसपास. वर गेल्यावर रेघ लगेच उतरत नाही, काही मिनिटं वरच राहते, आणि तिच्या माथ्यावर बारीक दाते दिसतात. पुढचे सुळके साधारण मिनिटभराचे, गुळगुळीत, एकसारखे. पहिल्याच्या त्या दातेरी माथ्याकडे मी नेहमी दोन क्षण जास्त थांबतो. यंत्रणा अजून लयीला लागलेली नाही, हे तिथे उघड दिसतं.

आलेख एक गोष्ट लपवतोही. तो अख्ख्या पेशीची सरासरी दाखवतो. प्रत्यक्षात प्रत्येक सुळका ही एक लाट असते. पहिली शुक्राणूच्या शिरकावाच्या जागेपासून निघते आणि सुमारे ८० मायक्रोमीटरची पेशी चार-पाच सेकंदांत ओलांडते. पुढच्या लाटा जास्त वेगाने जातात, आणि त्यांचं उगमस्थान सरकतं. शुक्राणू कुठून आला याला मग महत्त्व राहत नाही. लाटा तर्कुतंतूंच्या विरुद्ध बाजूच्या कडेपासून उठू लागतात, जिथे आंतर्द्रव्यजालिकेचे, म्हणजे कॅल्शियमच्या कोठाराचे, पुंजके असतात. कळ लावणारा परका, पण थोड्याच वेळात लय घरची होते.

ही लय येते कुठून? कोठाराच्या भिंतीवर आयपी-थ्री नावाच्या रेणूचा ग्राही आहे. आयपी-थ्री येऊन बसला की दार किलकिलं होतं. थोडं कॅल्शियम बाहेर आलं की तेच कॅल्शियम शेजारची दारं आणखी उघडतं. पण प्रमाण फार वाढलं की तेच कॅल्शियम दारं बंद करतं. एकाच पदार्थाकडे दोन्ही कामं, उघडण्याचं आणि मिटण्याचं. मग पंप सुरू होतात, कॅल्शियम कोठारात परत ओढलं जातं, काही पेशीबाहेर फेकलं जातं. आणि दरी सुरू होते.

दरीत काय चालतं? सांडलेल्यातलं काही बाहेर गेलेलं असतं, तेव्हा कोठार पूर्ववत भरायला बाहेरून कॅल्शियम आणावं लागतं. अंडपेशी ज्या द्रवात ठेवली आहे त्यातलं कॅल्शियम काढून घेतलं, तर सुळके लागोपाठ थोडे येतात आणि विरत जातात. २०१८ साली उंदरांत हे काम करणाऱ्या दोन वाहिन्या पक्क्या झाल्या, टीआरपीएम-सेव्हन आणि सीएव्ही ३.२. दोन्ही नसलेल्या अंडपेशींमध्ये कोठार नीट भरत नाही, सुळके अडखळतात, सक्रियणही. दरी म्हणजे विश्रांती, असं रेघ पाहून वाटतं. पण त्या दहा मिनिटांत पंप, वाहिन्या आणि ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया सगळे राबत असतात. सुळका हा खर्च आहे, दरी ही कमाई.

आणि सुळक्यांचा परिणाम साठतो कसा, तेही दरीतच कळतं. कॅल्शियम वाढलं की कॅम-काइनेज-टू नावाचं विकर जागं होतं. २०१०मध्ये उंदरांवर दिसलं की त्याचा गॅमा प्रकार नसेल तर अंडपेशी अडलेलं विभाजन पुरं करूच शकत नाही. हे विकर ईमी-टू या प्रथिनावर खूण करतं. ईमी-टू हा विभाजन रोखून धरणारा खुंटा. खूण झाली की तो तोडला जातो, मग सायक्लिन-बी हे प्रथिन नष्ट व्हायला लागतं आणि थबकलेली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरकतात. इथवर ठीक. पण मोजमाप केलं तर हे विकर प्रत्येक सुळक्याबरोबर जागतं आणि सुळका उतरला की झोपतं. म्हणजे मागच्या सुळक्याची आठवण त्याच्याजवळ नाही. आठवण राहते ती मोडतोडीत: जे प्रथिन नष्ट झालं ते झालं. पण पेशी सायक्लिन सतत नव्याने बनवत असते. बुडाला भोक असलेल्या होडीतलं पाणी डब्याने उपसावं तसं हे चाललेलं असतं. एक डबा टाकून हात बांधून बसलं तर पाणी पुन्हा चढतं. आणि नेमकं तेच होतं. अंडपेशीला कृत्रिम रीतीने एकच छोटा सुळका दिला, तर काही अंडपेशी पोलर बॉडी बाहेर टाकतात आणि पुन्हा अडकून बसतात. सरळमार्गी पेशीच्या आयुष्यात अशी पायरीच नाही, म्हणून संशोधकांनी तिला 'मेटाफेज तीन' असं नाव ठेवलं आहे. माझ्या मते ही या विषयातली सगळ्यात करुण अवस्था आहे.

या मोजणीचा सूक्ष्म अभ्यास ज्याँ-पिएर ओझिल यांनी फ्रान्समध्ये केला. त्यांची युक्ती सुंदर होती. शुक्राणू बाजूला ठेवायचा. अंडपेशी वाहत्या द्रवाच्या बारीक कक्षेत बसवायची आणि विजेचे अतिशय लहान ठोके देऊन पडद्याला क्षणभर छिद्रं पाडायची, म्हणजे बाहेरचं कॅल्शियम आत येतं. ठोका केव्हा द्यायचा, किती मोठा, किती वेळा, सगळं हातात. सशाच्या अंडपेशींवरचं त्यांचं काम १९९०मध्ये आलं. पुढे टॉम ड्युसिबेला आणि ओझिल यांच्यासह एका गटाने २००२मध्ये उंदराच्या अंडपेशींना मोजून ठोके दिले. दार लावण्याचं काम थोड्या ठोक्यांत सुरू होतं, विभाजनाला जास्त लागतात, प्रोन्यूक्लियसला त्याहून जास्त. आणि प्रत्येक काम सुरू व्हायला जितके लागतात त्याहून पुरं व्हायला अधिक लागतात. एकाच सुरात एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला जातो, आणि ऐकणारे वेगवेगळे विभाग आपापली पाळी आली की उठतात.

दार लावण्याचं काम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पेशीच्या कडेला हजारो कॉर्टिकल ग्रॅन्यूल दबा धरून असतात. सुळका आला की ते फुटतात आणि त्यांतलं ओव्हास्टॅसिन हे विकर बाहेरच्या झोना या आवरणातल्या झेडपी-टू प्रथिनाला कापतं. त्यानंतर आवरणावर शुक्राणू चिकटत नाहीत. पेशीच्या पडद्यावरून जुनो हा शुक्राणू ओळखणारा ग्राहीही निघून जातो. हे २०१४मध्ये उमगलं. आणि सुळक्यांबरोबर पेशी जस्त बाहेर फेकते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेरेसा वुडरफ आणि थॉमस ओहॅलोरन यांच्या गटाने २०११मध्ये जस्त दाखवणारं रंजक वापरून पाहिलं, तर कॅल्शियमच्या सुळक्यामागोमाग पेशीभोवती उजेडाचं वलय उमटलं. पिकताना अंडपेशीने अब्जावधी अणू गोळा केलेले असतात. ते ठेवून घेतले तर विभाजनावरचा खुंटा घट्टच राहतो. हे वलय चित्रफितीत इतकं देखणं दिसतं की वृत्तपत्रांनी त्याला 'जीवनाची ठिणगी' वगैरे करून टाकलं. ते मला पटत नाही. ठिणगी दिसते ती बाहेर, आणि जे महत्त्वाचं घडतं ते आत, जस्त गेल्यामुळे.

इथे माझ्या मताला अडचण येते आणि ती टाळण्यात अर्थ नाही. ओझिल आणि सहकाऱ्यांनीच २००५मध्ये दाखवलं की सुळक्यांची माळ न देता कॅल्शियम बराच वेळ सलग वर धरून ठेवलं, तरी अंडपेशी सक्रिय होते. म्हणजे पेशी सुळके मोजत नाही. ती एकूण बेरीज पाहते. मग दऱ्या शोभेच्या का? मला वाटतं, नाही. दरीत काही संदेश लिहिलेला आहे असा दावा आता करता येत नाही हे मान्य. पण शुक्राणूजवळ विजेचं यंत्र नाही. त्याला ती मोठी बेरीज पेशी न मारता गाठायची असते, आणि दर वेळी खाली येऊन सावरणं हीच त्याची एकमेव वाट आहे. त्याच गटाचं २००६चं काम आणखी पुढचं सांगतं: फलनानंतर सुळके अकाली तोडले तर गर्भ रुजण्याचं प्रमाण घटतं; गरजेपेक्षा जास्त दिले तर गर्भ रुजतात, पण पूर्ण दिवस भरण्याचं प्रमाण कमी होतं. चार तासांत जे झालं त्याची वसुली तीन आठवड्यांनी होते.

दऱ्यांची खरी परीक्षा शिळ्या अंडपेशीत होते. अंडाशयातून बाहेर पडून बरेच तास झालेल्या उंदराच्या अंडपेशीत सुळके येतात, पण बुटके, घाईघाईने, आणि चढ-उतार दोन्ही संथ. कोठार पुरतं भरत नाही, पंपांना ऊर्जा कमी पडते. दरीत जे सावरायचं ते सावरत नाही. राफाएल फिसोरे यांच्या प्रयोगशाळेतून २००२मध्ये आलेलं काम वाचताना मी थबकलो होतो: ताज्या अंडपेशीला जे सुळके सक्रिय करतात, तेच शिळ्या अंडपेशीला मरणाची खूण वाटतात. तिचे तुकडे पडू लागतात. रेघ तीच, वाचक बदलला. आपल्याकडे रसिकाचा अधिकार म्हणतात तो काय असतो, ते एखाद्या अंडपेशीला विचारावं.

आता त्या पाहुण्याने आणलेल्या वस्तूबद्दल. कार्ल स्वान यांनी १९९०मध्ये शुक्राणूंचा अर्क हॅमस्टरच्या अंडपेशीत टोचून हुबेहूब सुळके काढून दाखवले. तिथून शोध सुरू झाला. १९९६मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रथिन जाहीर झालं, त्याचं नाव ऑसिलिन ठेवलं गेलं. दोन वर्षांत ते निराळंच निघालं, साखरेच्या चयापचयातलं एक विकर. शुद्ध रूपात टोचलं तर रेघ ढिम्म हलत नव्हती. पण तीच मंडळी हटली नाहीत. २००२मध्ये कार्डिफहून अँथनी लाय, स्वान आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. फॉस्फोलायपेज सी-झीटा, म्हणजे पीएलसी-झीटा. त्याचा आरएनए टोचला की उंदराच्या अंडपेशीत शुक्राणूसारखेच सुळके उठले आणि पेशी ब्लास्टोसिस्ट या गर्भावस्थेपर्यंत वाढली. अर्कातून हे प्रथिन काढून टाकलं की अर्क निष्प्रभ झाला. मला या निबंधातला सगळ्यात आवडणारा भाग हिशेबाचा आहे. एका शुक्राणूत हे प्रथिन २० ते ५० फेमटोग्रॅम असतं, आणि सुळक्यांना तेवढं पुरतं, असं त्यांनी मोजून दाखवलं. अंडपेशीच्या वजनाच्या मानाने हा अंदाजे पन्नास लाखावा भाग झाला. 'हेच ते' असं नुसतं म्हणणं वेगळं आणि 'इतकंच असतं, आणि इतकंच लागतं' असं म्हणणं वेगळं. ऑसिलिनच्या वेळी जे निसटलं होतं ते इथे हाती लागलं.

पीएलसी-झीटा आयपी-थ्री बनवतं, आणि स्वस्थ पेशीतल्या १०० नॅनोमोलरच्या आसपासच्या कॅल्शियमनेही ते कामाला लागतं. त्याच्या भाऊबंदांना त्याहून पुष्कळ जास्त लागतं. म्हणून ते शांत पेशीतही गप्प बसत नाही, आणि कॅल्शियम वाढलं की आणखी जोर धरतं. पण खरी कसोटी जनुक काढून टाकण्याची. ती २०१७ आणि २०१८मध्ये दोन वेगळ्या गटांनी पार पाडली. पीएलसी-झीटा नसलेल्या नर उंदरांचे शुक्राणू पोहतात, अंडपेशीत शिरतात. सुळके मात्र नेहमीसारखे येत नाहीत. दार वेळेवर लागत नाही आणि एकाहून अधिक शुक्राणू आत घुसण्याचं प्रमाण वाढतं. गंमत अशी की हे नर पूर्ण वांझ नव्हते. उशिरा, मोजकेच सुळके उठायचे आणि थोडी पिल्लं व्हायची. हे कुणी उठवले, हा प्रश्न अजून उघडा आहे. उत्तर इतकं नीट जुळल्यावर ही एक फट राहिली, याचं मला वाईट वाटत नाही.

माणसाच्या अंडपेशीतही सुळक्यांची माळ असते, दऱ्या जरा लांब. पण ज्या अंडपेशीतून मूल जन्माला यायचं आहे तिच्यात रंजक घालून रेघ काढत नाहीत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला; डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या त्या कामात परळच्या काचेच्या बशीत ही रेघ चाललेली असणारच, पण ती पाहणं शक्य नव्हतं. आजही आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली 'टू पीएन', म्हणजे दोन प्रोन्यूक्लियस, दिसले का, एवढंच पाहतात. म्हणजे रेघेचा निकाल पाहतात, रेघ नाही. जवळ जायचा एक रस्ता २०११मध्ये दिसला: उंदराच्या अंडपेशीत प्रत्येक सुळक्याबरोबर पेशीद्रव किंचित थरथरतं, आकुंचन पावतं, आणि ते साध्या उजेडातल्या चित्रफितीतही टिपता येतं. त्या हालचालीचा वेग आणि तिच्यातलं अंतर यांवरून पुढे गर्भ टिकेल का याचा अंदाज बांधता येतो, असं मॅग्दालेना झेर्निका-गोएत्झ आणि स्वान यांच्या गटांनी दाखवलं.

इक्सीमध्ये शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडतात. ही पद्धत ब्रुसेल्सहून १९९२मध्ये जाहीर झाली. तरीही काही जोडप्यांमध्ये एकही अंडपेशी सक्रिय होत नाही. अशा काही पुरुषांच्या शुक्राणूंत पीएलसी-झीटा नसतं किंवा बिघडलेलं असतं, हे २००८नंतर उघड झालं. त्यावर उपाय म्हणून अंडपेशी कॅल्शियम आयनोफोर या, पडद्यातून कॅल्शियम आत येऊ देणाऱ्या रसायनात काही मिनिटं ठेवतात. एक मोठा सुळका उठतो, माळ नाही. आणि तरीही त्यातून निरोगी मुलं जन्मली आहेत. माझ्या दऱ्यांच्या कौतुकाला हा दुसरा टोला, आणि मी तो मुकाट्याने घेतो. पेशी माफ करते. पण जे माफ होतं ते आणि जे घडवलेलं असतं ते, यांत फरक राहतोच.

उजवं टोक राहिलं. सुळके थांबतात कसे? उंदराच्या अंडपेशीत प्रोन्यूक्लियस तयार होऊ लागतात तेव्हाच साधारण सुळके संपतात. कारण पीएलसी-झीटाच्या रचनेतच केंद्रकात जाण्याचा एक पत्ता लिहिलेला आहे. प्रोन्यूक्लियस झाला की ते त्यात ओढलं जातं. पेशीद्रवात उरत नाही. कामातून जन्मलेलं घरच कारागिराला आत घेऊन दार लावतं. टोमोहिरो कोनो, कॅरल, स्वान आणि व्हिटिंगहॅम यांनी १९९५ साली, पीएलसी-झीटाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा, फलित अंडपेशीतले प्रोन्यूक्लियस काढून न फलित झालेल्या अंडपेशीत मिसळले होते. सुळके उठले. शुक्राणूशिवाय सक्रिय केलेल्या अंडपेशीतले प्रोन्यूक्लियस तसेच मिसळले, तर उठले नाहीत. आणि फलित पेशी पहिल्यांदा दोन होऊ लागते, केंद्रकाचा पडदा विरतो, तेव्हा कोंडलेलं प्रथिन पुन्हा पेशीद्रवात येतं. नोंद तोवर चालू ठेवली असेल तर रेघ पुन्हा काही वेळा चढते.